एल्बोच्या आत पाणी, हवा अन रेती काय करतात

विहिरीवरून वावरात जाणारी पाइपलाइन कोणाचीच सरळ नसते, धुऱ्यावरून वळवा, नाल्याखालून काढा, दर वळणाला एल्बो म्हणजे वाकडा जोड लावा, मग कुठं ती संत्र्याच्या झाडांपर्यंत पोचते. त्यात बोअरला बारीक रेती येते, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मोटर हवापण ओढते. म्हणजे पाइपात पाणी, हवा अन रेती तिघंही एकत्र वाहतात, अन याच प्रकाराला मल्टिफेज फ्लो म्हणतात.

आधी नुसतं पाणी घेऊ. पाइपाच्या मधलं पाणी जोरात असतं, भिंतीजवळचं घासून घासून मंद झालेलं असतं. वळण आलं की जोरातलं पाणी बाहेरच्या भिंतीकडं फेकलं जातं, तिथं दाब वाढतो, अन तो दाब भिंतीलगतच्या मंद पाण्याला कडेकडेनं आतल्या बाजूला रेटतो. त्यामुळं पाणी नुसतं वळत नाही, दोन उलटसुलट भोवरे घेत पिळ्यासारखं पुढं जातं. जॉन युस्टिसनी 1911 च्या सुमारास वाकड्या नळ्यांत रंग सोडून हे पाहिलं, मग विल्यम डीननी 1927-28 मध्ये त्याचं गणित मांडलं, म्हणून त्यांना डीनचे भोवरे म्हणतात. वर्धा नदीच्या वळणावर आतल्या काठाला रेती साचते अन बाहेरचा काठ कापला जातो, तिथंही अशीच ओढ असते. आइन्स्टाइननी 1926 मध्ये नद्यांच्या वळणांवर लिहिलं होतं ते हेच.

आता रेती टाका. ती पाण्याच्या अडीचपटीहून जड, त्यामुळं जाड कण पाण्यासोबत वळूच शकत नाही, सरळ जाऊन बाहेरच्या भिंतीवर आपटतो. बारीक गाळ मात्र भोवऱ्यासोबत फिरत आतल्या बाजूला येतो. वेग दुप्पट झाला तर झीज साधारण चौपट ते आठपट होते, म्हणून कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत राखेचं पाणी वाहून नेणाऱ्या पाइपांत बेंडची बाहेरची बाजू सगळ्यात जास्त मार खाते. हवेचं उलटं आहे. जोरात वाहताना ती वळणाच्या आतल्या बाजूला ढकलली जाते, पण वेग कमी असला की तरंगून उंचवट्यावर जाऊन बसते अन पाण्याची वाट अडवते, एअर व्हॉल्व्ह उंच जागी लावतात ते याचसाठी.

पाइपात डोकावून हे दिसत नाही, म्हणून कॉम्प्युटरवर गणित करून बघतात. पाइप छोट्या छोट्या घरांत वाटायचा अन प्रत्येक घरात वेग, दाब अन किती पाणी-किती हवा, हे सोडवायचं. यातला पाणी-हवेचा आकडा ठेवायची पद्धत हर्ट अन निकोल्स या संशोधकांनी 1981 मध्ये दिली, 1 म्हणजे घर पूर्ण पाण्यानं भरलं, 0 म्हणजे नुसती हवा, मधला आकडा आला की तिथं पृष्ठभाग. रेतीचे कण वेगळे सोडायचे अन त्यांची वाट काढायची.

हिशोब करून बघा. 75 मिलिमीटर पाइपाचा अर्धा मीटर तुकडा, घर 1 मिलिमीटरचं, तर जवळपास 22 लाख घरं होतात! पाणी सेकंदाला दीड मीटर वाहत असेल तर एक घर ओलांडायला सेकंदाचा दीड हजारावा भागच लागतो, म्हणून कॉम्प्युटरलाही तेवढ्याच छोट्या पावलानं चालावं लागतं, नाहीतर उत्तर भलतंच येतं. म्हणजे खऱ्या एका सेकंदासाठी दीड हजार वेळा 22 लाख घरं सोडवायची. अन एवढं करूनही मिलिमीटरपेक्षा लहान भोवरे त्यात येत नाहीत, ते अंदाजानं धरावे लागतात, म्हणून स्क्रीनवरचं रंगीत चित्र मोजमापाशी ताडल्याशिवाय खरं धरू नये असं माझं ठाम मत आहे.

ओपनफोम हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं अन त्यात हे सगळं जमतं. आपल्याकडं इंजिनीअरिंग शिकणाऱ्या पोरापोरींनी प्रोजेक्टला खुशाल हाच विषय घ्यावा, आखूड एल्बो अन लांब वळणाचा बेंड दोन्ही चालवून बघावेत. ताडायला वावरातलीच पाइपलाइन आहे, वळणाच्या आधी एक अन नंतर एक प्रेशर गेज लावलं की सुरुवात होते.