कावी: कोकणातल्या घरांचा खरवडलेला गिलावा

गोवा, सिंधुदुर्ग किंवा कर्नाटकातल्या अंकोला-कुमट्याकडच्या एखाद्या जुन्या घराच्या राजांगणात, म्हणजे आतल्या चौकात, लाल-पांढरी वेलबुट्टी दिसली, की पाहणाऱ्याला ते रंगकाम वाटते. प्रत्यक्षात तिथे कुंचला फिरलेलाच नसतो. ही कावी, म्हणजे ओला गिलावा खरवडून केलेली नक्षी.

तिचा चुना समुद्राचा. शिंपले भट्टीत भाजायचे, वाळू आणि गुळाचे पाणी घालून चुना मुरवायचा, कुटायचा. त्याचा पांढरा गिलावा भिंतीवर चढला, की वर जांभ्याच्या मुलखातली तांबडी काव, म्हणजे गेरूसारखी माती, मिसळलेला पातळ थर द्यायचा आणि घोटून गुळगुळीत करायचा. मग कारागीर लोखंडी टोच्याने तांबडे खरवडून खालचे पांढरे उघडे करी. फुले, वेली, मोर, देवदेवता, आणि कंपासने आखलेली सुरेख चक्रे. थर वाळायच्या आत तेवढा तुकडा पुरा करावाच लागे. पुढे चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कडक होतो, काव त्यातच बंदिस्त होते. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नक्षी टिकते.

युरोपात या पद्धतीला स्ग्राफितो म्हणतात. इटलीतला चित्रकार आणि लेखक जॉर्जो वसारी याने १५५० साली तिची कृती छापली. गोवा पोर्तुगिजांकडे गेला तो १५१० मध्ये. त्यामुळे कावी मिशनऱ्यांबरोबर आली, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते ती इथलीच. मला यात एक फरक फार मोलाचा वाटतो. वसारीच्या कृतीत जळक्या गवताने करडा केलेला थर खाली आणि पांढरा वर असतो, त्यामुळे रेघ गडद उमटते. कावीत नेमके उलट घडते. कल्पना कुठूनही आलेली असो, कोकणच्या मातीने आणि शिंपल्यांनी तिला स्वतःचे रूप दिले.

ही कला मागे पडली ती सिमेंट आणि तयार रंगांमुळे. चुना मुरवत बसायला सवड उरली नाही, तसे कारागीरही पांगले. जीर्णोद्धारात जुना गिलावा सरसकट पाडला गेला, आणि इथे चित्र म्हणजेच गिलावा. होन्नावरचे लेखक-छायाचित्रकार कृष्णानंद कामत यांनी गावोगावची कावी छायाचित्रांत टिपली. गोव्यातल्या मोरजीच्या मोरजाई देवळातली कावी प्रसिद्ध आहे. देवळाला निदान गावाची नजर असते. घरातली कावी मात्र एका कुटुंबाच्या निर्णयावर तगते किंवा जाते.