दुबई एवढी वाढली कशी?

खेड, मंडणगड, राजापूर, म्हसळा या पट्ट्यात दुबईला कुणीच नाही असा मोहल्ला शोधूनही सापडायचा नाही. पण ज्या शहराच्या पैशावर इथे चिऱ्याची दुमजली घरं उभी राहिली, ते शहर आहे तरी केवढं? अख्ख्या दुबई अमिरातीचं क्षेत्रफळ सुमारे ४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या साधारण निम्मं. त्यातही बरंचसं वाळवंट. पाऊस वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर. आपल्याकडे आषाढात कधीकधी एका दिवसात तेवढा कोसळतो.

पूर्वी हे गाव मोत्यांवर जगायचं. १९२९ नंतरची जागतिक मंदी आणि जपानचे कृत्रिम मोती यांनी तो धंदा बसवला. उरली खाडी, तीही गाळाने भरत चाललेली. दुबईचे तेव्हाचे शासक शेख राशिद यांनी कुवेतकडून कर्ज काढून १९५९ च्या सुमारास गाळ उपसायला घेतला. तेल सापडलं १९६६ मध्ये, म्हणजे त्यानंतर. दुबईच्या वाढीची खरी सुरुवात मला या गाळउपशात दिसते, आणि कोकणी माणूस म्हणून ते मनाला लागतं. राजापूरला एकेकाळी अरबी गलबतं थेट येत. तिथली खाडी गाळाने भरत गेली आणि एकोणिसाव्या शतकातच मोठ्या गलबतांना जुन्या धक्क्यापर्यंत येता येईनासं झालं.

१९६८ च्या गणनेत दुबईत सुमारे ५९ हजार माणसं होती. १९७५ मध्ये ती १ लाख ८० हजारांच्या वर गेली, २००५ मध्ये १३ लाखांवर. २०२४ अखेर आकडा ३८ लाखांच्या पुढे होता.

शहर पसरलं ते लांबीला. १९७९ मध्ये जुन्या खाडीपासून तीसेक किलोमीटरवर जबल अली बंदर झालं, १९८५ मध्ये तिथे मुक्त व्यापार क्षेत्र आलं. बंदर आणि जुनं गाव यांच्या मधलं रान शेख झायेद रस्त्याच्या कडेने भरत गेलं. २००२ पासून परदेशी लोकांना ठरावीक भागांत घरं विकत घेता येऊ लागली, तशी वस्ती आत वाळवंटातही सरकली.

ही वाढ पाळण्यातली नव्हे, विमानतळावरून आलेली. मूळ नागरिक दहात जेमतेम एक. पुरुष एकूण वस्तीच्या दोन तृतीयांशांच्या आसपास. आता रत्नागिरी जिल्हा बघा: २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, आणि दहा वर्षांत लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आलेली. त्यातले बहुतेक मुंबईला गेले, हे खरं. पण आखाताचाही त्यात वाटा आहे.

शिवाय दुबईच्या आकड्यात आपली सगळी माणसं येतच नाहीत. भाडं परवडत नाही म्हणून कितीतरी जण शेजारच्या शारजा-अजमान या अमिरातींत राहतात, पहाटे बस पकडून दुबईत कामाला येतात आणि रात्री परततात. त्यांची मोजणी तिकडे होते.