लाल तापातही न नरमणारे निकेल

1906 च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्म ॲल्युमिनियम कठीण करण्याच्या खटपटीत होते. तांबे आणि थोडे मॅग्नेशियम मिसळलेला धातू तापवून त्यांनी पाण्यात बुडवला, तेव्हा तो फारसा कठीण निघाला नाही. काही दिवस नुसताच ठेवल्यावर मात्र त्याचा कठीणपणा आपोआप वाढला. असे का व्हावे, याचे उत्तर 1919 मध्ये अमेरिकेतल्या पॉल मेरिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवले: धातूत विरघळलेले तांबे अतिसूक्ष्म कणांच्या रूपात बाहेर पडते आणि धातूच्या थरांचे सरकणे अडवते.

हेच मेरिका पुढे निकेल उद्योगात गेले. तिथे 80 टक्के निकेल आणि 20 टक्के क्रोमियमची मिश्रधातू हीटरच्या तारांसाठी आधीपासून वापरात होती. ती तापात गंजत नसे, पण ताण दिला की हळूहळू लांबत जाई. 1929 च्या सुमारास तिच्यात थोडे टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम घालून पाहिल्यावर ती बरीच बळकट झाली. तरी अशा धातूची खरी निकड भासली ती जेट इंजिन आल्यावर. 1940 नंतर ब्रिटनमध्ये निमोनिक 75 आणि पाठोपाठ निमोनिक 80 या निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातू तयार झाल्या. निमोनिक 75 मध्ये टायटॅनियम जेमतेम 0.3 टक्के होते. निमोनिक 80 मध्ये ते दोन टक्क्यांच्या वर गेले, जोडीला ॲल्युमिनियम आले आणि जेट इंजिनातल्या टर्बाइनच्या तापलेल्या, ताण सोसणाऱ्या पात्यांचा प्रश्न बराच सुटला.

या मिश्रधातूंतही कठीणपणा वाढवतात ते बाहेर पडणारे सूक्ष्म कणच. ते निकेल आणि ॲल्युमिनियमच्या संयुगाचे असतात. त्यात ॲल्युमिनियमच्या काही जागा टायटॅनियम घेते. या संयुगाची एक गंमत आहे. बहुतेक धातू तापले की मऊ होतात, पण 1957 मध्ये वेस्टब्रुक या संशोधकांनी मोजून दाखवले की याचा कठीणपणा तापमानाबरोबर काही मर्यादेपर्यंत उलट वाढतो. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत नशीबवान योगायोगाचे पान हेच. इंजिनासाठी कण निवडले तेव्हा हा गुण कुणाला माहीत नव्हता.

याच मिश्रधातूंतल्या बोरॉन आणि झिर्कोनियम या मूलद्रव्यांची गोष्ट याहून वेगळी. 1950 च्या दशकात असे आढळले की एकाच रासायनिक घडणीच्या मिश्रधातूचे आयुष्य ती कोणत्या मुशीत वितळवली यावर अवलंबून आहे. मुशीतून धातूत शिरलेले अत्यल्प बोरॉन आणि झिर्कोनियम त्याला कारणीभूत होते. ते स्फटिकांच्या सीमांवर जमतात आणि तिथे भेगा पडणे लांबवतात. खोलीच्या तापमानाला कठीणपणा मोजला तर आकड्यात फारसा फरक दिसत नाही, पण उष्णतेत ताणाखाली तोच तुकडा कितीतरी जास्त टिकतो. म्हणून या मिश्रधातूंची पारख केवळ कठीणपणाच्या यंत्रावर होत नाही. तापलेल्या भट्टीत वजन टांगून नमुना किती तासांनी तुटतो, हेही पाहावे लागते.