चालताना पाय भरून येतात? ज्येष्ठांच्या कमरेच्या एमआरआयविषयी

थोडं चाललं की दोन्ही पाय जड होतात, पोटऱ्या भरून येतात, मुंग्या येतात. बसलं किंवा पुढे वाकलं की काही मिनिटांत बरं वाटतं. घरात याला वयाचं दुखणं म्हणून सोडून दिलं जातं, पण मणक्यातली नळी अरुंद झाल्याचं, म्हणजे स्पाइनल स्टेनोसिसचं हे नेहमीचं लक्षण आहे. (पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी असंच होतं, मात्र तेव्हा नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो.)

एक्स-रेत हाडं दिसतात, नसा दिसत नाहीत. एमआरआयच्या आडव्या छेदात नसांभोवतीचं पाणी पांढरंशुभ्र दिसतं आणि त्यात नसा काळसर ठिपक्यांसारख्या सुट्या सुट्या दिसतात. दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) मागे फुगली, मणक्यांचे सांधे वाढले, मागचा पिवळा अस्थिबंध (हाडांना जोडणारा पट्टा) जाड झाला की ते पांढरं आटत जातं आणि ठिपके एकमेकांना चिकटतात. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये हे सर्वांत जास्त आढळतं.

तरीही नुसत्या रिपोर्टवरून घाबरू नका. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कंबरदुखीचा काहीही त्रास नसलेल्या साठीपुढच्या लोकांपैकी 21 टक्क्यांच्या एमआरआयमध्ये स्टेनोसिस दिसला होता. उलट, तपासणी झोपून होत असल्यामुळे उभं राहिल्यावरचा दाब त्यात थोडा कमीही दिसू शकतो. म्हणून आजी-आजोबा न थांबता किती चालतात, कोणता पाय आधी भरतो, हे एमआरआय करणाऱ्या आम्हाला आणि तुमच्या डॉक्टरांना नक्की सांगा. चित्राचा अर्थ त्यावरूनच लागतो.

या रुग्णांना खरा त्रास होतो तो साधारण अर्धा तास उताणं, स्थिर पडून राहण्याचा. गुडघ्यांखाली उशी मागून घ्या, संकोच नको. मशीनचा आवाज मोठा असतो. कानाला संरक्षण आणि हातात बोलावण्याचं बटण देतो. या तपासणीत क्ष-किरण नसतात आणि इंजेक्शनही बहुधा लागत नाही.

पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, मेंदूतली क्लिप किंवा डोळ्यात कधी गेलेला धातूचा कण असेल तर तारीख घेतानाच सांगा. बदललेल्या गुडघ्याचीही माहिती द्या. त्याची सहसा अडचण येत नाही. कवळी आणि श्रवणयंत्र बाहेर काढून ठेवावं लागतं.

लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल अचानक लुळं पडलं, तर आमच्याकडे नंबर लावून थांबू नका. लगेच रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या.