उजनीची बोटुकली कडेलाच का सापडते?

उजनी मायनसला गेली की सोलापुरात सगळे नळाच्या पाळीचं बोलतात, माशांच्या पिल्लांचं, बोटाएवढ्या बोटुकलीचं कोण बोलणार! पण मुद्दा तिथंच आहे.

१९८० ला धरण पूर्ण झालं आणि वाहती भीमा थांबली. साठा ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा (उपयुक्त पातळीच्या खालचं पाणी), म्हणून तर आपल्याकडं पाणी संपत नाही, "मायनस" होतं. आता आपण बाजारात घेतो ते कटला, रोहू, मृगळ मूळचे गंगेकडचे. ही मंडळी साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्याचा पूर लागतो, नदीकाठची नुकतीच बुडालेली उथळ जमीन लागते. त्यामुळं पूर्वी मत्स्यबीज बंगालकडच्या नद्यांतून गोळा करून रेल्वेनं आणायचे, त्यात शिकारी माशांची पिल्लंपण मिसळून यायची. १९५७ च्या जुलैत मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी ओडिशात पिट्युटरीचं (माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीच्या अर्काचं) इंजेक्शन देऊन कार्पची पैदास करून दाखवली, मग कुठं हॅचरीतनं (माशांच्या पैदास केंद्रातनं) आधी अंड्यातनं निघालेलं जिरे, मग बीज, मग बोटुकली असा रस्ता मोकळा झाला.

पण बोटुकली तलावात सोडली म्हणजे झालं असं नाही. बारकं पिल्लू उघड्या खोल पाण्यात गेलं की शिवड्याच्या, म्हणजे शिकारी माशाच्या, तोंडात. म्हणून ते कडेला राहतं, जिथं पाणी उथळ आणि कोमट, प्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक जीव, पिल्लांचं खाणं) भरपूर, आणि बुडालेल्या वेड्या बाभळीत लपायला जागा (आपलं जाळं फाटतं म्हणून आपण तिला शिव्या घालतो ते वेगळं). मोठ्या जलाशयात १०० मिलिमीटरच्या वरचीच बोटुकली सोडा असं जे सांगतात ते याच्यामुळंच.

गंमत अशी की उजनीची कड एका जागी थांबतच नाही. पुण्याकडनं पाणी आलं की ऑगस्टमध्ये गवत, बाभळी बुडतात, पिल्लांची चंगळ, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की तीच जमीन गाळपेरीला (उघड्या पडलेल्या गाळात पेरायला), बुडालेलं पळसदेवचं देऊळ उघडं, पिल्लं उघड्यावर. २०२४ ला तर उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली. १८७१ चा एकरुख, म्हणजे आपला हिप्परगा तलाव, त्याचीपण कड उन्हाळ्यात अशीच आत सरकते, फक्त आकार लहान.

यात चिलापी (तिलापिया) मात्र मजेत. १९५२ ला परदेशातनं देशात आणलेला मासा, साचलेल्या पाण्यातच तळाला खड्डा करून अंडी घालतो, मग मादी अंडी न् पिल्लं तोंडातच सांभाळते, तिला ना पूर लागतो ना बाभूळ. कटला-रोहूच्या पिल्लांना मात्र तीच उथळ कड हवी, आणि बारीक आसाचं वडाप (बारीक छिद्रांचं जाळं, ज्यात पिल्लंपण येतात) ओढायलापण तीच कड सोयीची पडते.