नाव खोडलं, तरी माणूस सापडतो

केसपेपरवरचं नाव खोडलं की माहिती गोपनीय झाली, असं धरून चालतात. जरा हिशोब करू. 2011च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावडा तालुक्याची लोकसंख्या सुमारे 35 हजार होती. आयुष्य 80 वर्षांचं धरलं तर जन्मतारखा होतात 29,200. स्त्री-पुरुष वेगळे केले की 58,400 खण. खण जास्त, माणसं कमी. त्यामुळे नुसता तालुका, लिंग आणि जन्मतारीख दिली, तरी ढोबळ मानाने निम्मी माणसं आपापल्या खणात एकटीच सापडतात. (1 जूनवाले तेवढे गर्दीत लपतात. मास्तरांनी शाळेत घातलेली तारीख अशी कामी येते.)

गाव लिहिलं तर तारीखही लागत नाही. 1,200 वस्तीच्या गावात एकाच वयाच्या बायका सात-आठ. त्यात ‘गरोदर’ एवढा शब्द आला की पारावर बसलेला माणूसही घर दाखवतो.

म्हणून बाहेर द्यायच्या तक्त्यात वय 10-10 वर्षांच्या गटात घालतात, गावाऐवजी तालुका लिहितात आणि 5 पेक्षा कमी आकडा झाकतात. गफलत होते ती बेरजेत. समजा, एका आजाराचे रुग्ण करवीरमध्ये 12, पन्हाळ्यात 9, गगनबावड्यात ‘5 पेक्षा कमी’ आणि खाली एकूण 23. वजाबाकी चौथीतलं पोरही करेल: 2. अशा वेळी शेजारचे तालुके जोडून ‘पन्हाळा-गगनबावडा 11’ असं द्यावं.

एचआयव्ही तपासणी केंद्रात नावाऐवजी क्रमांक वापरतात. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, मोजके अपवाद सोडले तर लेखी संमतीशिवाय कोणाची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही. पण खिडकीवर निकाल मोठ्याने विचारला, तर क्रमांक देऊन काय उपयोग! उलट, क्षयरोगाची नोंद सरकारकडे करणं 2012 पासून बंधनकारक आहे. तो गोपनीयतेचा भंग नव्हे. माहिती उपचाराशी संबंध असलेल्यापर्यंत जाते, रांगेतल्या शेजाऱ्यापर्यंत नाही.

गळती मोबाईलमधूनही होते. एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव, वय, तारीख छापलेली असते. फोनमधल्या हायलायटरने ती रंगवली तर ब्राइटनेस वाढवून पुन्हा वाचता येते, कारण तो रंग पारदर्शक असतो. कोपरा क्रॉपच करावा आणि क्रॉप केलेल्या प्रतीचा स्क्रीनशॉट पाठवावा. काही ॲपमध्ये क्रॉप मागे फिरवता येतो. व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर काढल्याची वेळ आणि लोकेशन चालू असल्यास ठिकाणही सोबत जातं. आणि नेहमीसारखा फोटो म्हणून ग्रुपवर टाकला, तर ज्यांचं ऑटो-डाउनलोड चालू आहे, त्यांच्या गॅलरीत तो घरच्या लग्नाच्या फोटोंशेजारी जाऊन बसतो.