मोटर फिरली की पोर्ट का तुटतो? पार्श्वभूमी

गूगलने २०१९ मध्ये कॅमेऱ्याच्या चित्रातून हात ओळखणारे मीडियापाइप हे सॉफ्टवेअर खुले केले आणि साध्या वेबकॅममधून हाताचे २१ बिंदू मिळू लागले. इशाऱ्यावर मोटर फिरवण्याचे प्रकल्प तेव्हापासून घरोघरी होऊ लागले. कॅमेरा लॅपटॉपला, मोटर आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला आणि मधे यूएसबीची वायर. घोडे पेंड खाते ते या वायरीपाशी: मोटर फिरली की पोर्ट, म्हणजे लॅपटॉपचा बोर्डाशी बोलण्याचा मार्ग, तुटतो. त्याची कारणे मीडियापाइपपेक्षा बरीच जुनी आहेत.

आरएस-२३२ हे मानक १९६० साली अमेरिकेत टर्मिनल आणि मोडेम जोडण्यासाठी आले. त्यातली डीटीआर ही रेषा ‘टर्मिनल तयार आहे’ एवढेच मोडेमला सांगायची. ती बंद झाली की मोडेम फोन ठेवून द्यायचा. प्रोग्रॅमने पोर्ट उघडला की डीटीआर चालू व्हायची, ही रीत यूएसबी आल्यावरही टिकली.

आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआत जन्मला. सुरुवातीच्या बोर्डांवर अपलोडच्या आधी रीसेटचे बटण हाताने दाबावे लागे आणि वेळ चुकली की अपलोड फसे. २००७ च्या दिएचिमिला बोर्डावर डीटीआर १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून रीसेटला जोडली. बटणाची कटकट संपली, पण तेव्हापासून कोणीही पोर्ट उघडला की बोर्ड नव्याने सुरू होऊ लागला. सुरू होताना नवा प्रोग्रॅम येतोय का हे पाहणारा बूटलोडर एक-दोन सेकंद घेतो आणि तेवढ्यात पाठवलेले आकडे वाया जातात. पोर्ट उघडण्याची ओळ कॅमेऱ्याची प्रत्येक फ्रेम वाचणाऱ्या लूपमध्ये असेल, तर बोर्ड कधीच धड सुरू होत नाही. म्हणून पोर्ट लूपच्या बाहेर एकदाच उघडावा आणि दोन सेकंद थांबावे. रीसेट नकोच असेल तर रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, अपलोडच्या वेळी मात्र काढावा.

तरीही बहुतेक तक्रारींचे मूळ कोडमध्ये नसून वीजपुरवठ्यात असते. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरचा आणि यूनो या आर्डुइनो बोर्डावरचा फ्यूजही तेवढाच. एसजी९० हा छोटा सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरणारी मोटर, अडकला की एकटाच त्याहून जास्त ओढू शकतो. २०१० च्या यूनोपासून यूएसबी सांभाळायला वेगळा मायक्रोकंट्रोलर आला, पण दोन्ही चिप एकाच ५ व्होल्टवर चालतात. ओळखण्याची खूण नेमकी आहे. पोर्ट शाबूत राहून फक्त स्केच, म्हणजे बोर्डावरचा प्रोग्रॅम, पुन्हा सुरू झाले, तर मुख्य चिपचा व्होल्टेज पडला. पायथॉनमध्ये एरर आली आणि लिनक्सवर पोर्टचे ‘टीटीवायएसीएम०’ हे नाव जाऊन ‘टीटीवायएसीएम१’ उगवला, तर यूएसबीची जोडणीच तुटली. मोटर ब्रशची असेल तर ठिणग्यांचा गोंगाटही हे करतो. तेव्हा कर्नलच्या नोंदींत हबने पोर्ट बंद केल्याची ओळ येते आणि तीत ईएमआय (विद्युतचुंबकीय व्यत्यय) हा शब्द प्रश्नचिन्हासह असतो.

आधी मोटरच्या वायरी सोडून तेच इशारे दहा मिनिटे करून पाहावे. पोर्ट टिकला तर मोटरला वेगळा पुरवठा द्यावा, ग्राउंड मात्र एकच ठेवावा. ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर थेट मोटरच्या दोन टोकांवर डाग देऊन बसवावा. तो ब्रेडबोर्डवर लावला तर मधली वायर अँटेनासारखी वागते. मोटरच्या वायरींना पीळ घालून त्या यूएसबी केबलपासून लांब न्याव्या. मोटर चालवणारा एल२९८एन ड्रायव्हर स्वतःच सुमारे दोन व्होल्ट खातो, त्यामुळे सहा व्होल्टच्या मोटरला आठ व्होल्ट द्यावे लागतात.

एक दोष तुटल्यासारखा दिसतो, पण ती कोंडी असते. ९६०० बॉड या वेगावर सेकंदाला ९६० बाइट जातात. सेकंदाला ३० फ्रेम आणि दर फ्रेमला ३० अक्षरे म्हणजे ९०० इथेच झाले. यूनोचा बफर, म्हणजे आलेले बाइट साठवण्याची जागा, ६४ बाइटचा. स्केचमध्ये डिले, म्हणजे थांबण्याची सूचना, असला की तो भरतो आणि पुढचे बाइट गळतात. कोन दोन अंशांहून जास्त बदलला तरच पाठवावा, शिवाय बॉड १,१५,२०० ठेवावा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळणाऱ्या स्वस्त यूनोंवर यूएसबी सांभाळायला बहुधा सीएच३४० चिप असते. उबुंटू २२.०४ या लिनक्सवर तिचा पोर्ट क्षणभर दिसून गायब होतो, कारण ब्रेल डिस्प्लेसाठीचे बीआरएलटीटीवाय हे सॉफ्टवेअर त्या चिपचा १ए८६:७५२३ हा ओळखक्रमांक आपल्या उपकरणाचा समजून ताबा घेते. घरात कोणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर ते काढून टाकावे. वापरत असेल तर यूडेव्ह या उपकरणे ओळखणाऱ्या यंत्रणेच्या नियमांतली तेवढीच ओळ बंद करावी.